विजेच्या मोटारी आणि आयात शुल्काची मुदत

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातले पहिले दालन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते उघडले आणि चार-पाच वर्षे नुसत्या वक्तव्यांवर चाललेल्या वादाला पहिल्यांदा किमतीची पाटी लागली. मॉडेल वाय, ५९ लाख ८९ हजार रुपये. अमेरिकेत हीच गाडी त्या वेळी ४५ हजार डॉलरच्या, म्हणजे साधारण ३९ लाख रुपयांच्या घरात होती. मधल्या वीस-एकवीस लाखांवरून लगेच दोन तट पडले. एकाच्या मते सरकारने पर्यावरणाचा जप करत ग्राहकाला नागवले. दुसऱ्याच्या मते परदेशी कंपनीची जिरवली ते बरेच झाले. हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडला. शांघायच्या कारखान्यातून मुंबईत उतरलेल्या पहिल्या गाड्यांची सीमाशुल्काच्या कागदपत्रांतली किंमत नगामागे सुमारे २७ लाख ७० हजार रुपये होती आणि त्यावर लागलेले शुल्क २१ लाखांच्या वर. दोन्ही मिळून ४९ लाखांच्या आसपास. वरचे अकरा लाख म्हणजे पाच टक्के जीएसटी, देशातली वाहतूक, दालनाचा खर्च आणि कंपनीचा नफा. म्हणजे शुल्क उद्या शून्यावर आणले तरी ही गाडी पस्तीस-अडतीस लाखांच्या खाली उतरत नाही. बहुतेक मोटारी जिथे वीस लाखांच्या आत विकल्या जातात, तिथे या शुल्काने कोणाचे काय बिघडते आणि कोणाचे काय सुधारते, हे आधी पाहायला हवे होते.

तीच गाडी बीकेसीतून नवी मुंबईतल्या मालकाच्या घरी निघाली, की सरकारचा सूर पार बदलतो. केंद्राने बंदरावर तिच्याकडून एकवीस लाख घेतले. राज्य तिच्याकडून मोटार वाहन कर घेत नाही. साठ लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्क्यांनी साडेसात-आठ लाख रुपये भरावे लागतात, ते हिला माफ. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर निदान ६ टक्के कर लावावा, असा प्रस्ताव मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात होता. त्याच महिन्यात विधान परिषदेत तो मागे घेतल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे अटल सेतू. एरवी मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पडतात. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारीला तेही नाहीत. जीएसटीही पाचच टक्के, मग गाडी आठ लाखांची असो की ऐंशी लाखांची. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेआधी महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवर जास्त दर लावण्याची चर्चा झाली होती, ती बारगळली. (पहिली टेस्ला राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीच घेतली, हा तपशील निव्वळ योगायोग समजू.) एकाच वस्तूला बंदरावर दंड आणि रस्त्यावर बक्षीस देणाऱ्या या व्यवस्थेत धोरण कुठे आहे, हे शोधावे लागते.

मला दिसते ते असे. आयात शुल्काचा दर किती असावा यावर आपण भरपूर भांडलो, पण ते कोणत्या कामासाठी आहे आणि कुठवर राहणार आहे, हे कोणी विचारले नाही. देशी उद्योगाला आडोसा द्यायला शुल्क लागते, हे मला मान्य आहे. त्याचे पुरावे चाकण-पिंपरीत उभे आहेत. पण ज्या आडोशाला मुदत नाही तो उद्योगाला सुस्त करतो, याचे पुरावेही आपल्याच राज्यात आहेत. म्हणून आजचे शुल्क एका फटक्यात उतरवू नये आणि कायमही ठेवू नये. ते दरवर्षी किती उतरणार याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे आणि ते सगळ्या कंपन्यांना सारखे लावावे. हे म्हणणे मधला मार्ग काढल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात ते आजच्या धोरणाच्या बरोबर उलट आहे, कारण आजचे धोरण कंपनी पाहून सवलत देणारे आहे.

शुल्काची रचना थोडक्यात अशी. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून ४० हजार डॉलरपर्यंतच्या पूर्ण तयार गाडीवरचे मूळ शुल्क ६० वरून ७० टक्के झाले. त्याहून महाग गाडीला पूर्वीपासून १०० टक्के आणि वर अधिभार होता; २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले, पण कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के जोडला, म्हणजे बेरीज पुन्हा ११० टक्केच. मथळ्यांत कपात, पावतीवर जैसे थे. याच्या खाली पायऱ्या आहेत. अर्धवट जोडून आणलेल्या गाडीला ३५ टक्के, आणि सुटे भाग पेटीत आणून इथे जोडणाऱ्याला साधारण १५. जितके काम इथे कराल तितके शुल्क कमी, हा त्यामागचा विचार, आणि विचार म्हणून तो बरोबर आहे. महसुलाचा मुद्दा इथेच निकाली काढता येतो. तयार इलेक्ट्रिक मोटारी इतक्या थोड्या येतात की तिजोरीला त्याने फरक पडत नाही. राहतात दोन कामे. देशी कारखान्याचे रक्षण, आणि परदेशी कंपनीला इथे कारखाना काढायला भाग पाडणे. एकाच दराकडून ही दोन्ही कामे करून घ्यायला गेल्याने पुढचा सगळा घोळ झाला, कारण पहिल्यासाठी दर टिकाऊ असावा लागतो आणि दुसऱ्यासाठी तो वाटाघाटीत सोडता यावा लागतो.

महाराष्ट्राचा या वाटाघाटीशी संबंध सुरुवातीपासून आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आदित्य ठाकरे आणि तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी टेस्लाच्या अधिकाऱ्यांशी दूरसंवादाने बोलणी केली. कंपनीची भारतीय नोंदणी मात्र जानेवारी २०२१ मध्ये बंगळुरूला झाली. त्या जुलैत इलॉन मस्क यांनी भारताचे आयात शुल्क कुठल्याही मोठ्या देशापेक्षा जास्त असल्याची जाहीर तक्रार केली. ते ४० टक्क्यांवर आणावे, अशी कंपनीची मागणी होती. ह्युंदाईने मान डोलावली. ओलाचे भाविश अग्रवाल यांनी विरोध केला, आणि टाटा मोटर्सचे तेव्हाचे वित्तप्रमुख पी. बी. बालाजी यांनीही सरकारचे प्रोत्साहन परवडणाऱ्या गाड्यांसाठी आणि इथल्या उत्पादनासाठी आहे याची आठवण करून दिली. जानेवारी २०२२ मध्ये, सरकारशी अजून अडचणी आहेत असे मस्क यांनी लिहिताच जयंत पाटील यांनी त्यांना महाराष्ट्रात बोलावले, तेलंगणातून के. टी. रामाराव यांनीही बोलावले. एप्रिलमध्ये नितीन गडकरी म्हणाले की चीनमध्ये गाडी बनवून भारतात विकणार असाल तर ते आम्हाला चालणारे नाही. मेमध्ये मस्क यांचे उत्तर आले: आधी विकू द्या, मग कारखान्याचे बघू. २०२३ मध्ये कंपनीने पुण्यात विमाननगरला कार्यालयाची जागा घेतली, २०२४ च्या एप्रिलमध्ये मस्क यांचा ठरलेला भारत दौरा ऐन वेळी रद्द झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टेस्लाने शुल्क चुकवायला भारतात कारखाना काढला तर ते अमेरिकेवर अन्यायाचे होईल, असे खुद्द डोनाल्ड ट्रम्प बोलून गेले. या सगळ्या काळात एकेक राज्य मंत्र्यांमार्फत आर्जवे करत राहिले, आणि एक कंपनी मंत्र्यांना झुलवत राहिली. शुल्काचा दर एकाच कंपनीला समोर ठेवून ठरायला लागला की असेच होते.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे १५ मार्च २०२४ ची केंद्राची योजना. किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवा, तीन वर्षांत कारखाना सुरू करून २५ टक्के मूल्यवर्धन देशात करा, पाच वर्षांत ते ५० टक्क्यांवर न्या. त्या बदल्यात वर्षाला ८ हजारांपर्यंत तयार गाड्या १५ टक्के शुल्काने आणा. अट अशी की गाडीची आयात किंमत निदान ३५ हजार डॉलर हवी. आता पुन्हा त्या मॉडेल वायच्या कागदपत्रांकडे पाहा. २७ लाख ७० हजार म्हणजे ३२ हजार डॉलरच्या आसपास. जिच्यासाठी ही योजना बेतली असा सार्वत्रिक समज होता, ती गाडी जाहीर किमतीने या योजनेत बसतच नाही. जून २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या तेव्हा अवजड उद्योगमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनीच सांगितले की टेस्लाला फक्त दालने उघडायची आहेत, कारखान्यात रस नाही. कंपनीने मग सत्तर टक्के शुल्क भरून गाड्या आणल्या, चार्जिंगची पहिली जागा बीकेसीत सुरू केली, पुढच्या जागांत लोअर परळ आणि ठाण्याबरोबर नवी मुंबईचे नाव घेतले. पहिल्या काही महिन्यांत विक्री शेकड्यांतच राहिली. एका परीने योजनेने आपले काम केले म्हणायचे: कोण गंभीर आहे आणि कोण नाही हे उघड झाले. पण त्यासाठी तीन-चार वर्षे घालवायची गरज नव्हती.

शुल्काच्या बाजूचा खरा पुरावा टेस्लात सापडत नाही. त्यासाठी खंडाळ्याचा घाट चढून पलीकडे जावे लागते. मर्सिडीज-बेंझने ऑगस्ट २०२२ मध्ये ईक्यूएसची एएमजी आवृत्ती आयात करून २ कोटी ४५ लाखांना विकायला ठेवली. महिन्याभराने चाकणला जोडलेली ईक्यूएस ५८० आली ती १ कोटी ५५ लाखांना. दोन्ही अगदी एकच गाडी नव्हेत, एएमजीचे यंत्र वेगळे. तरी नव्वद लाखांचा फरक केवळ यंत्राचा नाही. (तिथल्याच समारंभात गडकरींनी ही गाडी मलासुद्धा परवडणार नाही, असे कंपनीला सुनावले होते.) याहून सरळ तुलना हवी तर पेट्रोल-डिझेलकडे पाहा. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्याजवळ जोडायचे ठरले आणि किंमत १८ ते २२ टक्क्यांनी उतरली. ती गाडी टाटांच्याच जॅग्वार लँड रोव्हरची, म्हणजे शुल्क टिकावे म्हणणारा आणि शुल्क वाचवायला इथे जुळणी करणारा एकाच घरातला. पायऱ्यांची रचना काम करते ती अशी. पण ही झाली जुळणी. त्याच्या पुढचे उदाहरण महिंद्राचे आहे. राज्य सरकारच्या प्रोत्साहन योजनेखाली पुणे जिल्ह्यात दहा हजार कोटींची इलेक्ट्रिक गुंतवणूक कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई समोर आल्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एका दिवसात ३०,१७९ गाड्यांची नोंदणी झाली. सुरुवातीची किंमत १८ लाख ९० हजार. याच्याही आधीचा दाखला इंडिकाचा. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीहून ती आली तेव्हा तयार मोटारींच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध होते, ते एप्रिल २००१ मध्ये उठले. त्या आडोशाशिवाय ट्रक बनवणाऱ्या कंपनीने बंद पडलेल्या निस्सानच्या कारखान्याची यंत्रे ऑस्ट्रेलियातून आणून मोटार काढायचे धाडस केले असते, असे मला वाटत नाही. इंडिकाच्या अनुभवावर पुढे टाटांच्या मोटारी उभ्या राहिल्या, आणि २०२० मध्ये १३ लाख ९९ हजारांपासून नेक्सॉन इलेक्ट्रिक विकता आली.

आता दुसरी बाजू. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईची टॅक्सी म्हणून आपल्याला प्रिय आहे. पण मोटार-उद्योग म्हणून पाहिले तर ती कथा दुःखाची आहे. ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे, गाडीत फरक पडत नसे, कारण पडायची गरज नव्हती. इंडिकेला आणि पद्मिनीला आडोसा एकच होता. इंडिकेच्या वेळी तो थोड्याच वर्षांत जाणार हे सर्वांना दिसत होते, आणि मारुती, ह्युंदाई, देवू देशातच कारखाने टाकून समोर उभ्या होत्या. पद्मिनीच्या वेळी यातले काहीच नव्हते. मुदत आणि घरातली स्पर्धा, या दोनच गोष्टींनी सारे चित्र पालटले.

आजच्या इलेक्ट्रिक मोटारींना घरातली स्पर्धा आहे, हे त्यातल्या त्यात बरे. टाटांकडे एकेकाळी सत्तर टक्क्यांहून अधिक बाजार होता. एमजीच्या विंडसरने आणि महिंद्राने तो खाली आणला. पण आडोशाआड काय राहते, तेही पाहिले पाहिजे. महिंद्राच्या त्या गाजलेल्या गाड्यांच्या बॅटरीतले सेल चीनच्या बीवायडीचे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा भारतातल्या वाहन कंपन्यांचे धाबे दणाणले, कारण मोटरमधले चुंबक तिकडून येतात. सेल देशात व्हावेत म्हणून केंद्राने १८,१०० कोटींची उत्पादन-संलग्न योजना २०२१ मध्येच आणली, वाहनांसाठी २५,९३८ कोटींची वेगळी. गाडीवर सत्तर टक्के शुल्क लावून सेल बनत नाहीत. उलट तयार गाडीवरचे शुल्क इतके मोठे असले की सेल बाहेरून आणून वर इथला सांगाडा चढवण्यातच भरपूर नफा सुटतो, आणि सेलच्या कटकटीत पडायची घाई राहत नाही. पायऱ्यांचा आणखी एक तोटा कोर्टात दिसतो. छत्रपती संभाजीनगर आणि चाकणला कारखाने असलेल्या स्कोडा-फोक्सवॅगनला सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली. म्हणणे असे की कंपनीने जवळपास अख्ख्या गाड्या सुट्या भागांच्या वेगवेगळ्या खेपांत आणून, ३० ते ३५ टक्क्यांच्या जागी ५ ते १५ टक्के शुल्क भरले. कंपनीने आरोप नाकारून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल काही लागो, पेटी कुठे संपते आणि सुटे भाग कुठे सुरू होतात यावर बारा हजार कोटी टांगणीला लागत असतील, तर कंपन्यांची बुद्धी अभियंत्यांपेक्षा वकिलांवर जास्त खर्च होणार.

शुल्क कमी करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा हवामानाचा आहे. देशात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या मोटारींत इलेक्ट्रिकचा वाटा जेमतेम अडीच टक्के होता, सुमारे एक लाख सात हजार गाड्या. एवढ्या कूर्मगतीने चाललेल्या बदलाला शुल्काने आणखी अडवायचे का? पण या अडीच टक्क्यांचे कारण बंदरावर सापडत नाही. ऐरोलीतल्या किंवा घणसोलीतल्या मध्यम सोसायटीत गाडी घेणाऱ्याची अडचण अशी असते: पार्किंग स्टिल्टखाली, मीटरची खोली जिन्याजवळ, मधून केबल कोणाच्या भिंतीवरून न्यायची यावर सर्वसाधारण सभेत एकमत नाही, आणि सोसायटीचा मंजूर वीजभार वाढवायचा खर्च कोणी करायचा यावर तर मुळीच नाही. हे सुटल्याशिवाय साठ लाखांची गाडी चाळीस लाखांवर आली तरी त्याला काय? त्याला फरक पडतो तो टियागो, पंच, विंडसर यांच्या किमतीने, आणि त्या गाड्या देशातच बनतात. नवी मुंबई महापालिकेच्या (एनएमएमटी) इलेक्ट्रिक बसमध्ये बसणाऱ्याने तर या वादाकडे लक्षच देऊ नये. तिच्या एका फेरीत जितके प्रवासी धुराविना जातात, तितके एका टेस्लाच्या आठवड्यातही जात नाहीत.

मात्र हे उत्तर अर्धे आहे. शुल्क खरोखर उठवले तर स्वस्त गाडी येईल ती अमेरिकेची किंवा युरोपची नसेल, चीनची असेल. बीवायडीच्या लहान गाड्या त्यांच्या देशात दहा लाख रुपयांच्या आत मिळतात, आणि त्या इथे आल्या तर अडीच टक्के झपाट्याने वाढतील, हे नाकारून चालणार नाही. म्हणजे सत्तर टक्के शुल्काचा न सांगितलेला रोख चीनवर आहे. तसा तो असेल तर शुल्क हे बोथट हत्यार ठरते; ज्या टेस्लाचे स्वागत झाले, ती शांघायचीच. चीनविषयीची सावधगिरी भारत दुसऱ्या वाटेने पाळतोच. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकायचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला, जूनमध्ये राज्य सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करारही झाला. पण शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला एप्रिल २०२० पासून केंद्राची परवानगी लागू लागली, त्यात गलवान घडले, आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. बीवायडीचा एक अब्ज डॉलरचा प्रस्तावही २०२३ मध्ये फेटाळला गेला. सुरक्षेचा प्रश्न असेल तर तो गुंतवणुकीच्या परवानगीतून, गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या नियमांतून सोडवावा. सरकारी अनुदानाने स्वस्त पडणाऱ्या गाड्यांचा असेल तर युरोपने ऑक्टोबर २०२४ मध्ये केले तसे कंपनीनिहाय चौकशी करून जादा शुल्क लावावे. तिथे बीवायडीला १७ टक्के, शांघायच्या टेस्लाला ७.८, एमजीच्या मालक सैकला ३५.३ टक्के लागले. अमेरिकेसारखे सरसकट १०० टक्के लावणे सोपे, पण त्याने अमेरिकी ग्राहकाला स्वस्त इलेक्ट्रिक गाडी काही मिळालेली नाही.

वेळापत्रकाने काय साधते, याचा सध्याचा चांगला दाखला ब्राझीलमध्ये मिळतो. तिथे इलेक्ट्रिक मोटारींवर शुल्क नव्हते. २०२३ च्या अखेरीस सरकारने जाहीर केले की जानेवारी २०२४ पासून ते पायरीपायरीने चढेल आणि जुलै २०२६ मध्ये ३५ टक्क्यांवर जाईल. दर चढता, आपल्याला हवा तो उतरता. पण तारखा आधीच छापलेल्या. बीवायडीने फोर्डने सोडलेला बाहिया राज्यातला कामासारीचा कारखाना घेतला आणि २०२५ मध्ये तिथे गाड्या जोडायला लागली. सगळे गोड नाही. बांधकामावरच्या चिनी मजुरांना गुलामासारखे वागवल्याचे प्रकरण डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या श्रम अधिकाऱ्यांनी उघडकीला आणले, आणि मुदतीआधी जहाजेच्या जहाजे भरून गाड्या उतरवून घेतल्याच. तरी गाड्या कधीपासून तिथे जोडायच्या, हे ठरवायला कंपनीसमोर तारखा होत्या.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. हातातला पत्ता आधीच टेबलावर टाकला तर वाटाघाटीत काय उरणार? उत्तर सरळ आहे: २०२१ पासून तो पत्ता हातात धरून आपण नुसती दालने मिळवली. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बाल-उद्योगाला दिलेली मुदत कधीच संपत नाही, दर वेळी शिष्टमंडळ दिल्लीला जाऊन ती वाढवून आणते. हे खरे आहे. २०२३ मध्ये ६० चे ७० झाले ते असेच, कोणालाही त्याचे कारण नीट सांगावे लागले नाही. म्हणून तर तारीख कायद्यात बांधलेली हवी. मोबाइलवरचे शुल्क २० टक्क्यांवर नेऊन जुलै २०२४ मध्ये १५ वर आणता आले, याचा अर्थ उतरणे अशक्य नाही. आणि गंमत अशी की मोटारींच्या बाबतीत तारखा बांधल्याही गेल्या आहेत, फक्त त्या आपल्या अर्थसंकल्पात नाहीत. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचे शुल्क ठरावीक संख्येपुरते १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना पहिली पाच वर्षे सवलत नाही, आणि स्वस्त इलेक्ट्रिक गाड्यांना नंतरही नाही. २७ जानेवारी २०२६ रोजी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झालेल्या युरोपीय संघाच्या करारातही तसेच: ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० पर्यंत, वर्षाला अडीच लाख गाड्यांची मर्यादा, आणि इलेक्ट्रिकला पाच वर्षांचा आडोसा. टेस्लाचा एक कारखाना बर्लिनजवळ ग्रुनहाइडेला आहे आणि तिथे मॉडेल वायच बनते. पाच वर्षांनी तीच गाडी त्या वाटेने येऊ शकेल, शांघायला वळसा घालून.

म्हणजे मुदत आहेच, पण ती युरोपला आणि ब्रिटनला माहीत आहे. चाकण-भोसरीच्या पुरवठादाराला, रबाळे-महापेच्या वर्कशॉपात इंजिनाचे सुटे भाग घासणाऱ्याला ती कोणी सांगितलेली नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर यांवर ज्यांचे दुकान चालते त्यांना आडोसा आहे तोवर मोटर, इन्व्हर्टर, बॅटरीच्या पेट्या यांकडे वळायला पाचेक वर्षे लागतील, कर्ज लागेल, आणि बँक विचारील की शुल्क किती दिवस राहणार. तिला द्यायला त्यांच्याकडे उत्तर नाही. केंद्राने देशांतर्गत वेळापत्रक काढायचेच तर ते युरोपच्या तारखांशी जुळवून काढावे: ७० वरून दरवर्षी थोडे थोडे उतरवत, करारातली दारे उघडतील तोवर तिशीच्या आसपास, ४० हजार डॉलरची निरर्थक रेघ पुसून, आणि गुंतवणुकीच्या वचनावर मिळणारी खास सवलत रद्द करून. शेवटच्या मुद्द्याला आणखी एक कारण आहे. देशी मूल्यवर्धनाच्या अटींसाठी भारत २००१-०२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत युरोप-अमेरिकेविरुद्ध मोटारींचाच खटला हरला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने भारताच्या इलेक्ट्रिक वाहन आणि बॅटरी प्रोत्साहनांविरुद्ध तिथेच तक्रार नोंदवली आहे. साध्या, सर्वांना सारख्या शुल्काविरुद्ध अशी तक्रार टिकत नाही.

राज्याच्या हातात शुल्क नाही, पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले १,९९३ कोटींचे इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. तीस लाखांवरच्या गाडीला करमाफी आणि टोलमाफी देण्यात जाणारा पैसा त्यात सोसायट्यांच्या वीजभाराकडे आणि रबाळे-महापेच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या नव्या यंत्रांकडे वळवता येईल. युरोपच्या इलेक्ट्रिक गाड्यांना दार उघडायची वेळ येईल ती २०३१ नंतर, म्हणजे धोरण संपल्यावर निदान वर्षाने. त्या मधल्या काळात काय करायचे, याचा त्या धोरणात अजून उल्लेख नाही.